पट्टीवरचं शून्य

तमाम मंडळींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की हुबळी शहरातला सर्वात घाबरट माणूस सात वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत पुष्कळदा सांगितली, पण लेखी आज प्रथमच जाहीर करते आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावी. खरं तर पहिली हरकत त्या माणसानंच, म्हणजे नाडगीर अण्णांनीच, घेतली असती. पण ती त्यांनी आधी पेन्सिलीनं लिहिली असती, मग शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटी वाचली असती, मग तिच्या दोन नकला करून दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवल्या असत्या, आणि तोवर मुदत उलटून गेली असती.

देशपांडे नगरात एका दातांच्या डॉक्टरांच्या डोक्यावर आमची कचेरी होती. म्हणजे खाली दवाखाना आणि वर आम्ही. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. काचेच्या खोलीत एक मोठं यंत्र आणि बाहेर त्याला जोडलेले पाच काळे पडदे, त्यांवर हिरवी अक्षरं. माऊस नावाचा प्राणी अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. जे काही हवं त्याचा हुकूम कळफलकावर टाइप करायचा आणि एन्टर मारायचं. लोक फ्लॉपीवर मजकूर आणून देत. कुणाचा अहवाल, कुणाची यादी, कुणाचं माहितीपत्रक. सगळं इंग्रजीत, आणि ओळी अशा की एक ओळ तीन शब्दांची, तर दुसरी पडद्याबाहेर जाऊन थेट धारवाडला पोचलेली. त्या ओळी सारख्या करायच्या आणि प्रिंटरवर छापून द्यायच्या, हा आमचा धंदा. प्रिंटर करकरायला लागला की खालच्या पेशंटना वाटे, वरती कुणाचा तरी दात कोरताहेत. आणि खालचा पेशंट किंचाळला की आम्हाला वाटे, प्रिंटरमध्ये कुणाचं तरी बोट गेलं. भीतीची अशी जिन्यावरून दुतर्फा वाहतूक चाले.

या कचेरीत पन्नाशी ओलांडलेले नाडगीर अण्णा आले. त्याआधी जुन्या हुबळीतल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे जुळवले होते. छापखाना बंद पडला. आमच्या शेटच्या लग्नाची पत्रिका याच अण्णांनी जुळवलेली, त्या ओळखीवर शेटनं त्यांना आणून माझ्या शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "शैला, यांना शिकव. ओळी सारख्या करायचं काम यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

ते खरंच होतं. शिशाच्या खिळ्यांत ओळ सारखी करायची तर दोन शब्दांच्या मध्ये पातळ पट्ट्या घालून, ती चिमटीत धरून, ठोकून घट्ट करावी लागते. अण्णांची बोटं ते झोपेतही करत असतील. पण पडद्यापुढे बसले की तीच बोटं कळफलकाला शिवायला तयार नसत.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हुकूम लिहिलात ना? आता एन्टर मारा."

"मारलं की काय होतं?"

"ओळी सारख्या होतात."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर नाही झाल्या."

"मग आधीच्या कुठं जातात?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बिनकठड्याच्या विहिरीकडे बघतात. मग म्हणाले, "खिळा पडला तर वाकून उचलता येतो, शैलाक्का. इथं पडलं तर कुठं वाकायचं?"

वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, तरी ते मला अक्का म्हणत. संकटात ज्याच्याकडे धावायचं त्याला आधीपासून मान देऊन ठेवावा, हे त्यामागचं धोरण असावं.

त्यांचा एन्टर मारण्याचा विधी पाहायला इतर तीन खुर्च्यांवरचे लोक काम थांबवत. आधी हुकूम टाइप करायचा. मग दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवायचे. खुर्ची वीतभर मागे सरकवायची. मग हुकूम मोठ्यानं एकेक अक्षर वाचायचा. मग मला म्हणायचं, "तू वाच बघू." मी वाचायची. मग ते तोच उलटीकडून वाचायचे, कारण छापखान्यातला नियम असा की सुलट वाचताना डोळा लबाडी करतो, मनातलंच वाचतो. उलट वाचताना त्याला ती संधी मिळत नाही. हे सगळं झालं की डाव्या हाताच्या करंगळीनं एन्टर. करंगळीच का? "काही झालंच तर तेवढीच जाऊ दे की."

फाइल पुसून टाकायचा दोन अक्षरी हुकूम असतो, आरएम. त्याचं नाव अण्णा कधी तोंडानं घेत नसत. तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं, तसं ते त्यालाही लांबडंच म्हणत. "शैलाक्का, ही जुनी नक्कल काढायची आहे. तू जरा लांबडं सोड." मी सोडायची, आणि ते तोवर तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

त्यांची एक वही होती, खाकी कव्हरची. जो हुकूम स्वतःच्या डोळ्यांनी चालताना पाहिला, तोच त्या वहीत चढे. आणि पाहायचा कशावर? तर हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या बसच्या थांब्यांवर. ती यादी त्यांनी एका फाइलीत टाइप करून ठेवली होती: होसूर, विद्यानगर, उणकल, नवनगर, रायापूर, सत्तूर, धारवाड. नवा हुकूम आला की आधी त्या थांब्यांवर चालवायचा. "उणकल नवनगरच्या आधी आलं की हुकूम इमानदार." वहीबाहेरचं एकही अक्षर ते वापरत नसत. कुणी सुचवलं तर म्हणत, "अनोळखी अक्षर मी घरात घेत नाही."

आता हसू नका. मीही तेव्हा हसत होते, म्हणून सांगते.

अण्णांच्या भीतीला एकदा सबळ पुरावा मिळाला. एफएमटी नावाचा एक साधा हुकूम आहे. तोकड्या-लांब ओळी तो एकत्र ओढून घेतो आणि सांगाल त्या रुंदीचा सारखा परिच्छेद करून देतो. अहवालाला तो अमृतासारखा. पण एका वाचनालयाची सभासद यादी आली, प्रत्येक ओळीला एक नाव, आणि आमच्या शेटनं स्वतः हौसेनं तीवर एफएमटी चालवला. साडेतीनशे माणसं एका परिच्छेदात गोळा झाली. कुणाचं आडनाव कुणाच्या नावाला चिकटलं ते चिकटलं. वाचनालयाचे वयोवृद्ध चिटणीस ती प्रत हातात धरून म्हणाले, "अय्यो, ही यादी आहे का जत्रा?" अण्णांनी तीन दिवस बसून एकेक सभासद हाताला धरून त्याच्या त्याच्या ओळीत परत नेला. त्या दिवसापासून याद्यांना आणि क्रमांकांच्या कलमांना एफएमटी बंद. वहीत त्या हुकुमापुढे लाल पेन्सिलीनं नोंद झाली: गर्दी करतो.

त्याऐवजी अशा कामांना अण्णा फोल्ड वापरायला लागले. फोल्ड कुणाची ओळ कुणात मिसळत नाही. फक्त लांबलेली ओळ ठरलेल्या अक्षरावर कचकन कापतो आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत टाकतो. विळीसारखा. मधे शब्द आला तर शब्दही कापतो. म्हणजे अर्धा शब्द वर, अर्धा खाली. अण्णा मग एकेक मोडका शब्द हुडकून हातानं सांधत बसत.

मी म्हटलं, "अण्णा, कशाला त्रास? मागे डॅश एस लावा. मग तो शब्द मोडत नाही, मोकळ्या जागेवरच कापतो."

"तू लावून बघितलंस?"

"शंभरदा."

"मी नाही बघितलं." विषय संपला.

थांब्यांवर चालवून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती मी मागितली नाहीत, त्यांनी दिली नाहीत.

अण्णांचा मुलगा प्रकाश तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथं वाफेच्या भांड्यात रबरी माल शिजवत. एकदा तिथं एक नवं भांडं आलं. हत्तीच्या पिलाएवढं आडवं पिंप, एका तोंडाला जाड झाकण, झाकणाला दहा बोल्ट. त्याच्या सूचना भिंतीवर लावायच्या होत्या, आणि प्रकाशनं अभिमानानं ते काम आपल्या वडिलांकडे आणलं. एकच पान. एकवीस कलमं. प्रत्येक कलम डावीकडून चार अक्षरं आत ढकललेलं.

"अप्पा, उद्या दुपारी भांडं पहिल्यांदा चालणार. सकाळी छापून द्या."

"वाचणार कोण ते?" अण्णांनी विचारलं.

"इंग्रजी कोण वाचतंय, अप्पा! सगळे आकडेच बघतात. किती डिग्री, किती मिनिटं."

अण्णांनी मान हलवली. तेव्हा मीही हलवली. आकड्यांबद्दलचं हे वाक्य दोघांनीही ऐकलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले ते गाल धरून. अक्कलदाढ सुजली होती. आठ दिवस दुखत होती, पण जिन्यावरून जाताना रोज ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांचा त्यांनी मनाशी हिशेब ठेवला होता, म्हणून खाली जायचं टाळत होते. आम्ही त्यांना बेजार केलं. सर्वांत जास्त मी. "अण्णा, दात काढायला एन्टर मारावं लागत नाही हो!" शेवटी मीच खाली जाऊन त्यांचं नाव लिहून आले.

अण्णांनी फोल्ड चालवला. मोडके शब्द सांधले, सांधून पुन्हा चार अक्षरं आत ढकलले. मग पडद्यावर बोट ठेवून शेवटच्या कलमापासून उलटं वाचायला लागले. एकविसावं, विसावं, एकोणिसावं. अठराव्या कलमाच्या मध्यावर बोट असताना खालून कंपाउंडर वर आला. "नाडगीर अण्णा, बर्री, चला! डॉक्टर थांबलेत."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फळ्यासारखा कोरा झाला होता. बोट पडद्यावरून उचललं गेलं. ते उठले आणि बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखे जिना उतरले.

अर्ध्या तासानं ते परत आले तेव्हा अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला, गालात कापूस. बोलायला गेले की नुसतं 'ब्ब ब्ब'. तरी बसले, बोट ठेवलं, आणि उरलेलं वाचून काढलं. सतराव्या कलमापासून. पान मी छापलं. घाईत कागद प्रिंटरवर जरा उजवीकडे सरकलेला चढवला गेला, त्यामुळे छपाई डाव्या कडेला भिडली, पण कलमं चार अक्षरं आत असल्यानं मजकुराला धक्का लागला नाही. प्रिंटरचे दाते ज्यांना धरून कागद ओढतात त्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, पान प्रकाशला दिलं. तो स्कूटरवरून गेला.

आता जेवणाची वेळ. अण्णांचा डबा भरलेला, पण बधिर तोंडानं जेवणार कसं? ते डबा पुढ्यात ठेवून बसले आणि आपल्या नेहमीच्या कामाला लागले. फाडलेल्या पट्ट्या ते टाकत नसत. गुंडाळी करून ठेवत. वह्या बांधायला, खुणा ठेवायला. छापखान्याचा माणूस कागदाची चिंधी टाकत नाही. भोकं, भोकं, भोकं अशी ती पट्टी त्यांच्या बोटांतून सरकत होती. आणि मधेच थांबली.

त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग माझ्यापुढे धरली.

भोकांच्या रांगेत एक भोक जास्त होतं. पण ते भोक नव्हतं. छापलेलं शून्य होतं.

"ब्ब?" अण्णा म्हणाले.

मी हसणार होते. मग त्यांचे डोळे पाहिले आणि कळफलक पुढे ओढला. हे शून्य कुणाचं? कुठल्या आकड्याचं? फाइल उघडली. अठरावं कलम. मूळ मजकूर साधा होता: वाफ बंद केल्यावर एकशेवीस मिनिटं थांबावं, त्याशिवाय झाकण उघडू नये. विळीनं एकशेवीसच्या मधोमध कापलं होतं. बारा वर. शून्य खाली, अगदी डाव्या कडेला. मोडका शब्द मोडका दिसतो. मोडका आकडा धडधाकट दिसतो, म्हणून तो ना सांधला गेला, ना आत ढकलला गेला. आणि ते एकटं पडलेलं शून्य मी फाडलेल्या पट्टीबरोबर कागदावरून निघून गेलं होतं.

भिंतीवर आता लिहिलं होतं: बारा. आणि खालच्या ओळीत: मिनिटं.

कारखान्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. घड्याळात दीड वाजून गेला होता. वाफ दोनला बंद होणार, हे प्रकाश जाताना सांगून गेला होता.

मंडळी, मी बडबडी बाई आहे. पण गोकुळ रोडवरून तारिहाळला जाणाऱ्या त्या रिक्षात माझी सगळी बडबड एका रिक्षावाल्यावर खर्च झाली. अण्णा पुढे वाकून बसले होते, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात डबा. डबा ठेवायचंही त्यांना भान नव्हतं. रिक्षावाला रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याची चौकशी करत निघाला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "जल्दी होगरी, बेगा!" तो म्हणाला, "अक्का, रोड नोडरी." खरंच होतं, रस्त्याकडे बघायलाच हवं होतं. मी मात्र अण्णांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दोनला पाच. दोन. दोन वाजून चार. अण्णांचे ओठ हलत होते. जप असेल असं मला वाटलं. कान जवळ नेला तर ते आकडे मोजत होते. उलटे. बारा मिनिटांपासून खाली.

फाटकावर पहारेकऱ्यानं वही पुढे केली. नाव, गाव, काम, कुणाला भेटायचं. ज्या माणसानं आयुष्यात एकही पाटी वाचल्याशिवाय कुठं पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस त्या वहीवरून उडी मारल्यासारखा आत पळाला. मागून पहारेकरी, त्याच्यामागे मी, ओरडत.

शेडमध्ये आवाज असा की स्वतःचं रडणंही ऐकू येऊ नये. भांडं समोर होतं. भिंतीवर आमचं पान. शेजारच्या फळ्यावर कुणी तरी खडूनं मोठ्ठे आकडे काढलेले: १२. भांड्यापुढे दोघं भांडत होते. बसप्पा नावाचा म्हातारा फिटर, आणि प्रकाश, हातात हातभर लांब पाना.

"हन्नेरडु मिनिट?" बसप्पा ओरडत होता. "बारा मिनिटांत चहा निवत नाही रे! जुनं भांडं याच्या अर्धंही नव्हतं, त्याला अर्धा तास थांबत होतो. तगीब्याड, उघडू नको!"

"बसप्पण्णा, कंपनीचं भांडं नवं आहे, त्याची रीत नवी."

"रीत नवी, वाफ जुनीच की!"

"कागदावर आहे ना? कागद कुणाचा आहे माहीत आहे? माझ्या अप्पांचा आहे. त्यांच्या कागदात चूक सापडली तर मी मिशी उतरवीन." आणि प्रकाशनं पाना पहिल्या बोल्टवर चढवून ओढला.

झाकणाच्या कडेतून बारीक पांढरी रेघ बाहेर आली, शिटीसारखी.

अण्णा ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. बधिर तोंडातून 'ब्ब' एवढंच आलं आणि ते त्या आवाजात बुडालं. दुसऱ्यांदा ओरडले. कुणी वळून पाहिलं नाही. प्रकाशनं पाना दुसऱ्या बोल्टवर नेला. मी जागच्या जागी दगड झाले होते; तेव्हा ओरडायला हवं होतं हे मला गेली वीस वर्षं सुचतं आहे.

तेव्हा अण्णांनी डबा फेकला.

खिळ्याची जागा कधी न चुकलेल्या हाताचा नेम होता तो. डबा भांड्याच्या झाकणाच्या बरोबर मधोमध आदळला, देवळातल्या घंटेसारखा दणका झाला, डब्याचं झाकण उडालं, आणि दहीभात आणि शेंगाचटणी प्रकाशच्या डोक्यावरून खाली ओघळली. सगळी शेड वळली. अण्णा चालत पुढे गेले. मुलाच्या हातातला पाना काढून बसप्पाला दिला. बसप्पानं न विचारता पहिला बोल्ट परत आवळला, शिटी थांबली. मग अण्णांनी फळ्याखालचा खडू उचलला आणि बाराच्या पुढे एक शून्य काढलं. गोल, नीट, छापल्यासारखं.

आणि मग ते भांड्यासमोरच्या पेटाऱ्यावर बसले ते उठेचनात.

दोन तास आम्ही सगळे तिथं थांबलो. 'जा आता' असं कुणी म्हणालं नाही. प्रकाश दहीभात न पुसता बापाशेजारी बसला होता. एकशेवीस मिनिटं झाल्यावर बसप्पानं झाकण उघडलं. म्हातारी माणसं उठताना सोडतात तसा एक कोमट सुस्कारा निघाला, बस्स.

परतताना प्रकाशही आमच्याच रिक्षात बसला. अण्णांचं तोंड हळूहळू जागं होत होतं. प्रकाश म्हणाला, "अप्पा, तुमच्या हातूनसुद्धा चुकतं, हे मला माहीत नव्हतं."

अण्णांनी गालातला कापूस बाहेर काढला. मग जड जिभेनं म्हणाले, "आता झालं ना माहीत? आता वाचत जा. अप्पानं छापलं म्हणून मानायचं नाही. वाचायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कबूल केलं की कागद मीच सरकलेला चढवला होता, आणि दातासाठी मागेही मीच लागले होते. अण्णा म्हणाले, "कागद तुझा सरकला, खरं. पण बोट माझं उठलं होतं." मग त्यांनी थांब्यांची फाइल उघडली, सगळे थांबे एका लांब ओळीत टाइप केले, फोल्डला डॅश एस लावलं, हात मांडीवर ठेवले, खुर्ची मागे सरकवली, आणि करंगळीनं एन्टर मारलं. उणकल शाबूत होतं. नवनगर शाबूत होतं. त्यांनी वहीत नोंद केली. ती मी नंतर चोरून वाचली: डॅश एस. चांगलं अक्षर आहे. उशिरा भेटलं.

शून्याची ती पट्टी त्यांनी पडद्याच्या चौकटीवर चिकटवली. पुढे विंडोज आलं, माऊस आला, काचेच्या खोलीतलं यंत्र भंगारात गेलं, तेव्हा अण्णांनी पट्टी नखानं अलगद सोडवली आणि वहीत ठेवली. माऊसबद्दल त्यांचं मत असं की, "हा तर विचारायच्या आधीच पळतो."

मी लग्न होऊन पुण्याला आले. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी एकदा हुबळीला गेले असता कळलं, अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी. आधीच सांगून टाकते, ऑपरेशन नीट झालं आणि अण्णा त्यानंतर पुष्कळ जगले. पण माझं त्यांचं पुन्हा भेटणं झालं नाही, म्हणून माझ्यापुरते ते अजूनही, त्या सकाळी मी पोचले त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्येच आहेत.

ढकलगाडीवर आडवे. अंगावर हिरवा झगा. एवढेसे झाले होते. नर्सनं काढून घेतलेला चष्मा त्यांनी भांडून परत मिळवला होता. सही करायचा कागद छातीवर आणि तपासण्यांचा कागद हातात. तो जुन्या प्रिंटरवरचा, कडेची पट्टी फाडलेला. अण्णांनी आधी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग पेन्सिल मागितली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि उलटं वाचायला सुरुवात केली. बोट ओळीवरून उठत नव्हतं.

मोठे डॉक्टर हातमोजे घालून दारात उभे. भूल देणारे घड्याळाकडे बघताहेत. नर्स म्हणाली, "आजोबा, पुरे आता, सगळं बरोबर आहे." अण्णांनी ऐकलं नाही. ते मधल्या ओळीपर्यंत आले होते. नर्सनं कागदाला हात घातला, आणि डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

भिंतीला टेकून प्रकाश उभा होता. आता तो त्या शेडचा मुख्य होता आणि मिशी पिकली होती. तो एकदम पुढे झाला, दोन्ही हात पसरून ढकलगाडीच्या आडवा आला, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला:

"डॉक्टर, निधान, सावकाश! अप्पांचं वाचून होईतोवर झाकण उघडायचं नाही!"